चार नंबरचे सेफ्टी शूज मिळेपर्यंत

12 जून 2024. सकाळची शिफ्ट होती. फर्नेसच्या, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीच्या, प्लॅटफॉर्मवरून स्पेक्ट्रोचं (धातूतले घटक तपासायच्या यंत्राचं) सॅम्पल घेऊन खाली उतरताना तिसऱ्या पायरीवर माझा उजवा पाय बुटातल्या बुटात सरकला. बूट जागेवरच राहिला, पाय आत फिरला आणि घोटा मुडपला. कठडा हाती लागला म्हणून खाली पडले नाही. खाली नुकतंच ओतकाम झालेल्या मोल्डची (साच्यांची) रांग होती. ती रांग आजही डोळ्यांसमोर येते, म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे. कारखान्यात काम करणाऱ्या, पाय लहान असणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बाईच असावी असं नाही, पाच नंबरचे पुरुषही असतात.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. मेटलर्जीचा डिप्लोमा करून चार वर्षं सँड लॅबमध्ये, साच्यांची वाळू तपासण्यात काढली. तिथे दिवसातून एखादी फेरी शॉपवर व्हायची, साध्या बुटावर भागत होतं. एप्रिल 2024 मध्ये मला मेल्टिंग आणि मोल्डिंगच्या फ्लोअरवर टाकलं. ते मीच मागितलं होतं. स्टोअरमधून सेफ्टी शूज मिळाले, नंबर सहा. माझा नंबर चार.

स्टोअरचे काका माणूस चांगले. ते म्हणाले, "मॅडम, सहाच्या खाली आमच्याकडं येतच न्हाई. आजवर कुणी मागितलंच न्हाई." त्यांचं खरंच होतं. फ्लोअरवर माझ्याआधी बाई नव्हती. मी इश्यू स्लिपवर सही केली, रजिस्टरमध्ये नाव चढलं, आणि कागदोपत्री माझे पाय सुरक्षित झाले. घरी येऊन दोन मोजे एकावर एक घातले, आत स्पंजचा तळ टाकला, नाडी करकचून बांधली. सगळे असंच सांगत होते.

असं करू नका. दोन नंबर मोठा बूट मोज्यांनी भरता येत नाही. बूट चवड्याच्या जागी वाकतो आणि कमानीच्या जागी आधार देतो. त्या दोन्ही जागा बुटात ठरलेल्या असतात. बूट मोठा असेल तर त्या पुढे सरकतात, मग पायाची कमान पोकळीवर येते आणि बूट वाकतो तो बोटांच्या टोकाशी. तिथे स्टीलची टोपी. तिची मागची कड दर पावलाला बोटांवर बसते. मे महिन्यात माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची, दहा-पंधरा पावलं चालल्यावर कमी व्हायची. मला वाटायचं, नवीन काम आहे, उभं राहायची सवय होईल. आई म्हणायची, "अगं, दाखव तरी कुणाला." मी दाखवलं नाही, ती चूक माझी.

त्या दिवशी फर्स्ट एड झालं, अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली. ही नोंद लगेच करून घ्या, कितीही किरकोळ वाटली तरी. पुढे प्रत्येक टेबलावर मला पहिला प्रश्न "नोंद आहे का?" हाच विचारला गेला. संध्याकाळी राजारामपुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. पगार 21 हजारांच्या वर असल्यामुळे ईएसआय (सरकारी कामगार विमा) मला लागू नव्हता. फी 500, एक्स-रे 400, गोळ्या आणि क्रेप बँडेज 630, घोट्याचा पट्टा 450. हाड शाबूत होतं, लिगामेंट ताणलं होतं. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. टाचेचं सांगितल्यावर त्यांनी तळव्यात एका ठिकाणी अंगठा दाबला आणि मी ओरडलेच. प्लान्टर फॅशिआयटिस. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारा जाड पडदा टाचेपाशी सुजतो. रात्रभर तो आखडून राहतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट. दिवसभर काँक्रीटवर उभं राहणं आणि बुटात आधार नसणं, ही दोन्ही कारणं माझ्याकडे होती.

मग ते म्हणाले, "पुढच्या वेळी बूट घेऊन या." मी नेले. त्यांनी माझा पाय बुटात घालून पुढे ढकलला आणि टाचेमागे स्वतःची दोन बोटं सहज घातली. काही न बोलता लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या: रुग्णाला टाचेचा आणि घोट्याचा त्रास आहे, पायाच्या मापाचे सेफ्टी फुटवेअर वापरणे आवश्यक. सही, शिक्का, तारीख. हा कागद मी सहज खिशात टाकला होता. पुढच्या चार महिन्यांत सगळ्यांत जास्त वेळा तोच बाहेर काढला. डॉक्टरांकडे गेलात तर असा कागद मागून घ्या, आणि मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या.

फिजिओथेरपीच्या पाच बैठका झाल्या, दर बैठकीला 300. एकूण खर्च 3,480 रुपये. स्टोअरमध्ये मिळणारा जोड कंपनीला सातशेच्या आसपास पडतो.

24 जूनला कामावर परत आले. तात्पुरती सँड लॅबमध्ये बसले आणि त्याच दिवशी चार नंबरच्या बुटांसाठी इंडेंट (मागणीचा कागद) भरला. इंडेंटवर माझ्या इन्चार्जची सही, मग सेफ्टीची, मग स्टोअरची "साठा उपलब्ध नाही" अशी नोंद, मग परचेस. परचेसने तीन ठिकाणी कोटेशन मागवलं. दोघांनी त्या नंबरात बनवतच नाही म्हणून कळवलं. तिसऱ्याने बनवतो म्हटलं, पण एका साइझचे किमान 50 जोड घ्यायला हवेत. 4 जुलैला इंडेंट "किमान ऑर्डर जास्त" असा शेरा घेऊन परत आला. तो परत आलेला कागद मी फाडला नाही, फाइलला लावला. नकाराचा कागदसुद्धा पुरावा असतो.

सेफ्टी ऑफिसर सरांना भेटले. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, कंपनीच्या नियमात एक वाट आहे: स्वतः घ्या, बिल द्या, 1,500 पर्यंत परत मिळतील. मात्र बूट कुठलाही चालणार नाही. त्यांनी मला एका कागदावर लिहून दिलं: आयएस 15298, भाग 2.

त्या संध्याकाळी मी या आकड्याच्या मागे लागले. दुकानात 'स्टील टो' या दोन शब्दांवर सगळं खपवलं जातं, म्हणून हे थोडं सविस्तर सांगते. भारतीय मानक आयएस 15298 चे वेगवेगळे भाग आहेत. भाग 2 म्हणजे सेफ्टी फुटवेअर: पुढची टोपी 200 ज्यूलचा आघात आणि 15 किलोन्यूटनचा दाब सोसते. 200 ज्यूल म्हणजे 20 किलोचं कास्टिंग (ओतीव वस्तू) साधारण एक मीटरवरून बोटांवर पडावं तेवढा मार. 15 किलोन्यूटन म्हणजे दीड टनाचा भार. भाग 3 मध्ये हेच आकडे 100 आणि 10 वर येतात. भाग 4 मध्ये टोपीची अटच नाही. तिन्ही बूट बाहेरून सारखे दिसतात, तिन्हींवर आयएसआयची खूण असू शकते. म्हणून खुणेच्या वर छापलेला भागाचा आकडा वाचायचा. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशासाठी आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं.

फाउंड्रीसाठी याच्याही पुढे बघावं लागतं. आमच्या जमिनीवर गरम वाळू असते, ग्राइंडिंगचा बर (धातूचा कीस) असतो, रनर-रायझरचे, म्हणजे कास्टिंगपासून तोडलेल्या जादा धातूचे, तुकडे असतात. साधा पीयू (पॉलियुरेथेन) सोल गरम वाळूवर मऊ पडतो, चिकटतो, त्याची नक्षी महिन्याभरात सपाट होते. नायट्राइल रबराचा सोल लागतो. त्यावर 'एचआरओ' अशी खूण असते, म्हणजे 300 अंश तापलेल्या पृष्ठभागावर एक मिनिट टेकवून तपासलेला. खिळा किंवा टोकदार तुकडा तळातून वर येऊ नये म्हणून मध्ये एक थर असतो, त्यासाठी 'एस1पी' किंवा 'एस3' बघायचं. घसरू नये म्हणून 'एसआरसी'. आणि बुटावर अँटिस्टॅटिक लिहिलं असेल तर विजेपासून संरक्षण आहे असं समजू नका. त्याचा अर्थ उलट आहे, तो बूट अंगावरचा स्थिर भार जमिनीत जाऊ देतो. इन्डक्शन फर्नेसच्या इलेक्ट्रिकलच्या माणसांचे बूट वेगळे असतात.

माप मी स्वतः घेतलं, 7 जुलैला संध्याकाळी, दिवसभर उभं राहून आल्यावर. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी मापात बसलेला बूट चार वाजता चावतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभी राहिले, आईने पेन्सिल उभी धरून कड काढली. बसून कड काढू नका, वजन पडल्यावर पाय लांब आणि रुंद होतो. डावा 232 मिलिमीटर, उजवा 235. चवड्यावर रुंदी 92 आणि 94. मोठ्या पायाचं माप धरायचं. कामावरचे मोजे घालूनच. ते कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

मग दुकानं. शाहूपुरीत तीन, उद्यमनगरात दोन. उद्यमनगरात जन्मभर लेथ-मशिनचं सामान विकणारी माणसं आहेत, त्यांनी मला हसून परत पाठवलं नाही, पण माल नव्हता. एका ठिकाणी 'लेडीज सेफ्टी' म्हणून एक सुंदर हलका बूट पुढे आला, 900 रुपये. आतून टोपी लागत होती, पण मानकाची खूण कुठेच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी खूण होती, क्रमांक ॲपमध्ये टाकला तर परवान्याची मुदत संपलेली. दुकानदाराला दाखवलं तर तोही चकित झाला.

शाहूपुरीतल्या एका दुकानात मात्र चार नंबर निघाला. खरोखरचा, चांगल्या बनावटीचा, डबल डेन्सिटी पीयू सोलचा. कुणी घेत नाही म्हणून माळ्यावर पडला होता. काका खुर्चीवर चढून धूळ झटकून खाली घेऊन आले. मी इतकी खूश झाले की पैसे काढायच्या बेतात होते. घालून चार पावलं चालले तर फरशीवर काळे तुकडे. सोल उलटा करून नखाने दाबला तर शिळ्या केकसारखा भुगा पडला. जिभेखालच्या लेबलावर साल 2018 होतं. पीयूला दमट हवा हळूहळू खाते. न वापरता डब्यात ठेवला तरी खाते, उलट जास्तच. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आणि बंद माळा, म्हणजे बघायलाच नको. लहान नंबर खपत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पडून राहतात म्हणून खराब होतात. लहान पायाच्या माणसाने बूट घेताना किमतीच्या आधी उत्पादनाचा महिना आणि साल वाचावं. सालभराच्या आतला असेल तरच घ्या.

13 जुलैला ऑनलाइन मागवला, 1,349 रुपये, 'युनिसेक्स, चार'. लांबी बरोबर निघाली. पण साचा पुरुषी. बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे पुढे घट्ट आणि मागे टाच उचलली जाते. म्हणजे पुन्हा तोच सरकणारा पाय. परत पाठवला, पैसे यायला अकरा दिवस लागले. परत पाठवायचा असेल तर घरातल्या स्वच्छ फरशीवरच घालून बघा, आणि डबा फाडू नका.

तोवर पाऊस असा लागला की सगळं थांबलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. पुण्यातही त्याच सुमाराला पाणी शिरलं होतं. कामावर मी तेच सहा नंबरचे बूट घालून, पट्टा बांधून जात होते, फर्नेसच्या पायऱ्या सोडून बाकी सगळीकडे. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. पाय दुखत होता म्हणून तर होतंच, पण माझ्या मापाचा बूट मागणं हेच काहीतरी जास्तीचं मागणं आहे असं मलाच वाटायला लागलं होतं. इन्चार्ज एकदा सहज म्हणाले, "परत लॅबलाच बसा की, तिथं काय वाईट आहे?" त्यांच्या मनात काळजीच होती. पण त्या रात्री मी झोपले नाही.

12 ऑगस्टला पुण्याला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाऊन-येऊन चारशेच्या आसपास खर्च आला. स्वारगेटहून रविवार पेठेत बोहरी आळीत. हत्यारं, हार्डवेअर, दोरखंड, सेफ्टीचं सामान, सगळं दाटीवाटीने. मुद्दाम दुपारी तीननंतर पोहोचले, पाय चालून सुजलेले असावेत म्हणून. चौथ्या दुकानात एका भाईंनी माझे कागद बघितले, पट्टी लावली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही माप घेऊन आलात, आता मला शोधायला सोपं." गोडाऊनमधून दोन जोड मागवले. बायकांच्या साच्यावर बनलेले, चार आणि पाच. अर्धा तास थांबावं लागलं.

तिथे मी काय काय तपासलं ते सांगते. नाडी सोडून पाय पुढे नेला, टाचेमागे एकच बोट जेमतेम गेलं. बोटं आत हलवता आली, टोपीला टेकली नाहीत. चामडं वापराने थोडं सैल होतं, स्टील कधीच होत नाही, त्यामुळे पुढे घट्ट असलेला बूट 'होईल सैल' म्हणून घेऊ नका. नाडी बांधून पंज्यावर उभी राहिले, टाच जागेवर राहिली. टाचेच्या मागची बाजू दोन बोटांनी दाबली, ती आत गेली नाही. ती टणक असली तरच घोटा सांभाळला जातो. बूट हातात घेऊन वाकवला, तो चवड्यापाशी वाकला, मधोमध नाही. पिळून बघितला, पिळला गेला नाही. दुकानाच्या जिन्यावरून चार वेळा वर-खाली केलं, उतरताना मुद्दाम हळू. उकिडवी बसले, कारण मोल्ड तपासताना मला तसंच बसावं लागतं. भाई शांतपणे बघत होते. भाग 2, एचआरओ, एस3, एसआरसी. ॲपमध्ये परवाना चालू. उत्पादन त्याच वर्षी मे महिन्यातलं.

किंमत 2,650, वर 18 टक्के जीएसटी 477. एकूण 3,127 रुपये. कंपनीकडून मिळणार 1,500. मी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त विचार केला नाही. घोट्यावर त्याहून जास्त खर्च होऊन गेला होता.

बिलाबद्दल एक गोष्ट जपा. पैसे परत हवे असतील तर बिल कंपनीच्या नावावर, कंपनीच्या जीएसटी नंबरासह लागतं. तो मी आधीच मोबाइलमध्ये ठेवला होता. तरी एक चूक झाली: बिलावर फक्त 'शूज 1 जोड' लिहिलं होतं. 14 ऑगस्टला क्लेम भरला, 20 तारखेला अकाउंट्सने परत केला. भाईंना फोन केला, त्यांनी 'सेफ्टी फुटवेअर, आयएस 15298 भाग 2, साइझ 4' असं सुधारलेलं बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मूळ प्रत कुरियरने. हे तिथेच लिहून घ्या.

नवे बूट एकदम आठ तास घालायचे नाहीत. पहिले चार दिवस घरी तासभर, मग लॅबमध्ये दोन तास, मग अर्धी शिफ्ट. मी 2 सप्टेंबरपासून पूर्ण शिफ्ट घालू लागले. पहिल्या आठवड्यात उजव्या घोट्याच्या हाडाशी फोड आला. तिथली कड हाताने मळून मऊ केली, दोन दिवस पट्टी लावली, मग नाही आला. मोजे सुती किंवा लोकरमिश्रित घाला. नायलॉनचे मोजे आमच्याकडे चालतच नाहीत, ठिणगी आत गेली तर ते वितळून कातडीला चिकटतात. पँट बुटावरून बाहेर सोडायची, बुटात खोचायची नाही, नाहीतर उडालेला धातूचा रस सरळ आत उतरतो. सॅम्पल घेताना मी वरून चामड्याचे गेटर (नडगी आणि बूट झाकणारे पट्टे) बांधते. ओतकाम करणारी आमची मुलं बिननाडीचे बूट घालतात. नाडीच्या फटीत रस अडकतो, आणि तशा वेळी गाठ सोडायला वेळ नसतो.

घोटा ठीक झाला, टाच मात्र ऐकेना. बुटाची कमान मला थोडी कमी पडत होती. कोल्हापूरकर असल्यामुळे पाय आपोआप चप्पल लाइनकडे वळले. एका जुन्या कारागिरांनी बूट हातात घेऊन बराच वेळ फिरवला, शिवण बघितली, चामडं चिमटीत धरलं. "ह्ये म्हशीचंच हाय, पण क्रोमचं कमावलेलं. आमचं हिरडा-बाभळीचं. आगीजवळ ह्येच बरं." त्यांनी मला टाचेपासून कमानीपर्यंत चामड्याचा एक जाड पॅड कापून दिला, 150 रुपये. इतका सुबक होता की मी तो आजही घरच्या चपलेवर वापरते.

पण कामावर नाही. सेफ्टी सरांना दाखवला तर त्यांनी थांबवलं. बूट ज्या तळासकट तपासलेला असतो, त्याच तळासकट वापरायचा. वर जाड काही टाकलं तर पाय वर उचलला जातो आणि टोपीखालची जागा कमी होते. टोपी दबली तर बोटांना उरणारी जागा त्याच हिशोबाने ठरवलेली असते. शिवाय अँटिस्टॅटिक गुण जाऊ शकतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि एप्रिलपासून मी स्पंज टाकूनच फिरत होते. मग बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केला, सहा दिवसांनी उत्तर आलं: याच मॉडेलसाठी कमान उंच असलेला त्यांचाच दुसरा तळ मिळतो, 280 रुपये. तो मागवला. आधीचा काढून हा घालायचा, एकावर एक नाही.

टाचेला तरीही वेळ लागला. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ, अंथरुणातून उठण्याआधी टॉवेलने पंजा स्वतःकडे ओढणं, पाण्याची बाटली बर्फ करून तळव्याखाली फिरवणं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की काही महिने जातील. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी उठून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि मग लक्षात आलं की कळ आलीच नाही. मी परत खोलीत जाऊन पुन्हा चालून बघितलं.

उरलेल्या 1,627 रुपयांसाठी मी अर्ज केला. पैशांपेक्षा मला ते नोंदीवर हवं होतं. अर्जाला जोडलं ते असं: अपघाताची नोंद, डॉक्टरांचा कागद, शेरा मारून परत आलेला इंडेंट, दोन्ही नकार, पायाचे कागद, सुधारलेलं बिल. सेफ्टी कमिटीची बैठक गणपतीमुळे पुढे जाऊन 20 सप्टेंबरला झाली. मला बोलावलं होतं. बोलताना आवाज थरथरत होता, म्हणून मी सहा नंबरचा बूट टेबलावर ठेवला आणि त्यात माझा पायाचा कापलेला कागद टाकला. कागद आत इकडून तिकडे सरकला. कामगारांच्या बाजूचे एक ज्येष्ठ मोल्डर होते, ते म्हणाले, "आमच्यातली पाच नंबरवाली पोरंबी सहाच घालत्यात, सायेब. कुणी बोलत न्हाई." मला हे माहीत नव्हतं. चौकशी केल्यावर फेटलिंगमधले (कास्टिंग साफ करणारे) तिघे आणि कोअर शॉपमधला (साच्यातले गाभे बनवणारा) एक निघाला.

पूर्ण रक्कम मंजूर झाली, दिवाळीआधी 29 ऑक्टोबरला पगारासोबत जमा झाली. पहिला क्लेम ते पैसे, अडीच महिने. परचेसने पुण्याच्या त्याच दुकानदाराकडून कोटेशन घेतलं. कारखान्यातून मागवलं तर 50 जोडांची अट, विक्रेत्याकडून मागवलं तर अट नाही, एवढाच फरक होता आणि तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. नोव्हेंबरमध्ये चार आणि पाच नंबरचे मिळून दहा जोड आले. दहाच मागवा, असं मीच सांगितलं, शाहूपुरीतला तो भुगा आठवून. स्टोअरच्या काकांनी डब्यांवर मार्करने उत्पादनाचा महिना लिहिला आहे आणि जुना जोड आधी द्यायचा नियम केला आहे.

बूट अजून चांगले आहेत. रोज शिफ्ट सुटली की नाडी पूर्ण सोडून, तळ बाहेर काढून ठेवते. पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे, पंख्याखाली. फर्नेसच्या कडेला वाळत घालू नका, चामडं तडकतं आणि सोल सुटतो. आमच्याकडे निम्मे बूट असेच जातात. महिन्यातून एकदा पॉलिशआधी सोल उलटा करून बघते. टाचेची नक्षी एका बाजूने झिजायला लागली आहे, ती पूर्ण सपाट झाली की वर्ष झालं नसलं तरी बदलायचे, असं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आहे.

जानेवारीत कोअर शॉपला आयटीआयची एक मुलगी अप्रेंटिस म्हणून आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला लॅबच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, स्टोअरच्या काकांनी तुमच्याकडे पाठवलं, पायाचं माप घ्यायला." मी कागद आणि पेन्सिल काढून ठेवली आणि तिला म्हटलं, आत्ता नको, शिफ्ट सुटल्यावर ये. संध्याकाळचा पाय मोजू.